सहा पाऊणे साडेचार

१९३३ साली श्रावण वद्य षष्ठीला, दुपारी साडेचार वाजता, आमच्या हायस्कूलच्या फुटबॉल संघाचा अंतिम सामना गावच्या पुळणीवर सुरू झाला. पाच वाजून बारा मिनिटांनी पंचांनी तो थांबवला. त्या वेळी आम्ही एका गोलाने पुढे होतो. ढाल दुसऱ्या संघाला देण्यात आली. आठवड्याभराने शाळेच्या समितीने आमच्या कप्तानाला बेशिस्तीबद्दल दोषी ठरवले.

या सामन्याबद्दल गावात नंतर पुष्कळ बोलले गेले. त्यातले बरेचसे खोटे आहे. मी त्या संघात डाव्या बाजूला खेळत होतो. जे स्वतः पाहिले ते तसे लिहितो, आणि जे दुसऱ्याकडून कळले तिथे तसे सांगतो.

फुटबॉल आमच्याकडे पावसाळ्यात खेळत. पावसाळ्यात भातशेतीत पाणी असे आणि शाळेच्या आवारात एक विहीर, दोन आंबे आणि घसरडे शेवाळ. सपाट, मोकळी आणि पाऊस पडला तरी न रुतणारी जागा एकच होती, ती म्हणजे समुद्राकाठची पुळण. ओहोटीला तिथली ओली वाळू इतकी घट्ट होई की अनवाणी धावताना टाचांना ठणका लागे. दोन टोकांना बांबूचे गोल उभे करायचे, कोपऱ्यांना फडकी लावायची, की मैदान तयार. भरती आली की मैदान नाही.

म्हणून सामन्याची वेळ घड्याळाने नव्हे, तिथीने ठरे. कोळीवाड्यातल्या कोणत्याही माणसाला हा हिशेब पाठ असतो. तिथीची पाऊणपट करायची, की भरती पुरी होण्याची वेळ मिळते. आमच्या खाडीच्या तोंडाशी त्यावर अर्धा तास आणखी धरायचा. चतुर्दशी असेल तर चौदा पाऊणे साडेदहा, म्हणजे अकराला पाणी पुरे आणि पाचला पार ओसरलेले. त्या दिवशी साडेचारला खुशाल खेळा. ही पाऊणकी आम्ही सगळे मराठी दुसरीत घोकून शिकलो होतो. ती कशाला वापरायची हे मात्र शाळेने कोणाला शिकवले नव्हते.

आम्हाला ते कप्तानाने शिकवले. तो कोळीवाड्यातला, एका तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा, थोरला मुलगा. वय एकोणीस, कारण पौष ते फाल्गुन त्याला होडीवर जावे लागे आणि त्यामुळे दोन वर्षे मागे पडली होती. मॅट्रिकच्या वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे. इंग्रजी बेताचे, गणित वर्गात पहिले. मैदानावर तो मध्ये खेळे आणि फारसा धावत नसे. चेंडू कुठे येणार हे त्याला आधी कळे आणि तो तिथे उभा असे.

चेंडू शाळेचा होता, विलायती कातड्याचा. पावसात भिजून तो दगडासारखा होई. कप्तानाने घरून मुशी माशाचे तेल आणले, जे कोळी होडीच्या फळ्यांना लावतात, आणि चेंडूला चोळले. चेंडू पाणी प्यायचा थांबला. त्याला वास मात्र असा सुटला की आमच्यातली ब्राह्मण मुले पहिले आठ दिवस डोक्याने चेंडू मारायला तयार नव्हती. गोलकीपर समुद्रापासून दूर, तळ्याकडचा, भातशेती करणाऱ्या घरातला. तो म्हणाला, "तुमी मारू नका. पन तो कुठं हाय ते आता डोळं मिटून कळतंय." पुढे सगळे मारू लागले. हेडमास्तरांनी चेंडू आपल्या खोलीत ठेवायला बंदी केली. तो व्हरांड्यात टांगला जाई.

त्या हंगामात आम्ही तीन सामने जिंकलो. पहिला आमच्याच पुळणीवर, ज्येष्ठ अमावास्येला. दुसरा पालीच्या वाटेवरच्या एका शाळेशी, त्यांच्या माळावर, जिथे गुडघाभर गवतात चेंडू शोधण्यात निम्मा वेळ गेला. तिसरा पुन्हा आमच्याकडे. सगळे दिवस कप्तानाने आणि ड्रिल मास्तरांनी पंचांग समोर ठेवून नेमले होते. ड्रिल मास्तर पलटणीतून परतलेले, मनाने सरळ, पाच मुलांचे बाप आणि नोकरीत कायम न झालेले. आषाढातल्या तिसऱ्या सामन्याला मुंबईच्या एका कॉलेजातले खेळाचे प्राध्यापक हजर होते. सुटीसाठी ते सासुरवाडीला आले होते. सामना संपल्यावर त्यांनी कप्तानाला बाजूला बोलावले. ते काय बोलले ते ड्रिल मास्तरांनी आम्हाला सांगितले. मुलगा मॅट्रिक झाला तर कॉलेजच्या संघात घेतो, राहण्याची सोय करतो, फी मी बघतो. कोळीवाड्यातला कोणी तोपर्यंत मॅट्रिक झाला नव्हता.

अडचण एकच होती. होडीमुळे त्याची हजेरी कमी भरत होती. हजेरी कमी असलेल्या मुलाचे नाव मॅट्रिकच्या यादीत घालायचे की नाही, ही गोष्ट हेडमास्तरांच्या हातात होती. त्यांनी ती सगळ्या वर्गासमोर बोलून दाखवली. "ढाल आणून दे. हजेरीचं मी पाहतो." हे शब्द मी ऐकले आहेत. वर्गात तेव्हा आम्ही वीस-बावीस जण होतो. त्यांच्यातल्या कोणालाही विचारावे.

अंतिम सामना नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, चतुर्दशीला, साडेचार वाजता नेमला होता. ही तारीखही विचाराने ठरली होती. पौर्णिमेला दर्यात नारळ सोडला की शाकारून ठेवलेल्या होड्या पाण्यात जातात, आणि मग प्रत्येक हात होडीचा. त्याआधी सामना आटोपायचा होता.

चतुर्दशीच्या चार दिवस आधी हेडमास्तरांनी तारीख बदलली. ढाल ज्यांनी दिली होती ते गृहस्थ अध्यक्ष म्हणून यायचे होते. त्यांना चतुर्दशीला सवड नव्हती. षष्ठीला ते श्रीवर्धनला लग्नाच्या बोलणीसाठी जाणार होते आणि परतताना मोटारीने आमच्या गावावरून येणार होते. हेडमास्तरांनी नवी निमंत्रणपत्रे छापायला दिली. तारीख बदलली. वेळ तीच ठेवली.

सहा पाऊणे साडेचार. आणि आमच्या बंदरात अर्धा तास पुढे. म्हणजे सामना सुरू होईल तेव्हा पाणी चढत असणार आणि पाच वाजता पुळणीवर भरती पुरी होणार. हेडमास्तर आम्हाला गणित शिकवत.

कप्तानाने हे ड्रिल मास्तरांना सांगितले त्या वेळी मी तिथे उभा होतो. तो म्हणाला, सामना सकाळी दहाला घ्या, अकराला पाणी तळाला असेल. ड्रिल मास्तर हेडमास्तरांच्या खोलीत गेले आणि लवकर बाहेर आले. पत्रे छापून झाली आहेत, अध्यक्ष सकाळी येऊ शकत नाहीत, असे उत्तर मिळाले होते. दुसऱ्या दिवशी कप्तान स्वतः गेला. दार उघडे होते आणि आम्ही चार-पाच जण व्हरांड्यात होतो. हेडमास्तर त्याला म्हणाले, "समुद्राला विचारून शाळा चालवायची का?" कप्तान म्हणाला, "शाळा न्हाय सर, सामना." हेडमास्तरांनी त्याला बाहेर घालवले. या दोन वाक्यांतले दुसरे पुढे चौकशीत उद्धटपणाचा पुरावा म्हणून आले. पहिले आले नाही.

आता तांडेलाला विचारायचे राहिले होते. पौर्णिमेनंतर मुलगा सहा दिवस किनाऱ्यावर राहणार म्हणजे होडीला एक हात कमी. ड्रिल मास्तर, कप्तान आणि आम्ही दोघे कोळीवाड्यात गेलो. तांडेल होडीच्या बुडाशी बसून फळ्यांच्या सांध्यांत कापूस भरत होता. सगळे ऐकून घेईपर्यंत त्याने हात थांबवला नाही. मग हसला.

"षष्ठीला साडेचारला? कोनी ठरवलं, मास्तर? माशांनी?"

तांडेलाने मुलाकडे पाहिले आणि म्हणाला, "त्याचा चुलता येईल होडीत. म्हातारा हाय, पन येईल. मी पोराला ठेवतो. हेडमास्तरांना सांगा, मी माझा शब्द पाळला. त्यांनी त्यांचा पाळायचा."

ड्रिल मास्तरांनी हा निरोप पोचवला की नाही, हे मला माहीत नाही.

षष्ठीला सकाळपासून पश्चिमेचा वारा होता. दुपारी तीनला आम्ही गोल रोवायला गेलो. तेव्हाच वाळूची निम्मी रुंदी पाण्याखाली होती. मैदान किनाऱ्याच्या कडेने लांबट आखत असू, एक बाजू समुद्राकडे आणि दुसरी केतकीच्या बनाकडे. त्या दिवशी केतकीकडच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूवर मांडव घातला होता. पाहुण्यांच्या खुर्च्या, सतरंजी, टेबलावर ढाल आणि हार. म्हणजे मैदानाच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला मांडव. यांतला एक हलवता येत होता.

दुसरा संघ जिल्ह्याच्या उत्तरेकडचा होता. त्यांच्यात दोन मिठागरवाल्यांची मुले होती. त्यांनी पाण्याकडे पाहिले, मग आमच्या कप्तानाकडे. त्यांचा कप्तान म्हणाला, "तुमच्याकडे वॉटर पोलो शिकवतात का?" आमचा कप्तान म्हणाला, "हेडमास्तर शिकवतात."

खेळ सुरू झाला. दहाव्या मिनिटाला कप्तानाने गोल केला. त्याचे वर्णन करण्यासारखे काही नाही. चेंडू उसळून आला, तो तिथे होता. त्यानंतर समुद्राकडची रेषा पाण्यात गेली. पंच तिसऱ्याच एका शाळेचे शिक्षक होते. त्यांनी खेळ थांबवून त्या बाजूची फडकी काढून दहा पावले आत रोवली. काही वेळाने पुन्हा रोवली. तिसऱ्यांदा त्यांनी मांडवाकडे येऊन विचारले की खुर्च्या मागे घेता येतील का, म्हणजे मैदान तेवढे वर सरकवू. हे मी पन्नास हातांवरून पाहिले आणि पंचांनी नंतर सांगितले ते जुळते. हेडमास्तर म्हणाले, अध्यक्ष बसलेले आहेत.

अध्यक्ष चहा पीत होते. त्यांना कोणी विचारले नाही. विचारले असते तर ते उठले असते, असे मला वाटते, कारण माणूस तसा वाईट दिसत नव्हता. पण हे माझे वाटणे आहे.

पावणेपाचनंतर पाणी आमच्या गोलच्या एका खांबाला लागू लागले. आमच्या गोलकीपरला समुद्राची सवय नव्हती. शाळेसाठी तो मावशीकडे राहायला आला होता आणि चार वर्षांत गुडघ्यापुढे पाण्यात गेला नव्हता. आमच्या अकरांत त्याच्यासारखे आणखी दोघे होते. पाच वाजून गेल्यावर एक चेंडू गोलच्या बाजूने पाण्यात गेला. तो आणायला गोलकीपर धावला. कमरेइतक्या पाण्यात त्याने चेंडू धरला आणि पाठीमागून लाट आली. तो दिसेनासा झाला. कप्तान मैदानाच्या मध्यावर होता. तिथून तो कसा पोचला हे मी पाहिले नाही, मी पाण्याकडे पाहत होतो. त्याने गोलकीपरला सदऱ्याच्या गळ्याला धरून बाहेर ओढले. गोलकीपरने वाळूवर पाणी ओकले. चेंडू त्याने सोडला नव्हता.

कप्तानाने आम्हाला हात केला आणि आम्ही मैदान सोडून वर कोरड्या वाळूवर गेलो. दुसरा संघही त्यांच्या बाजूने वर आला. हे महत्त्वाचे आहे. पंचांनी तोवर शिट्टी वाजवली नव्हती.

हेडमास्तर मांडवातून खाली आले. त्यांनी गोलकीपरकडे पाहिले नाही. ते म्हणाले, "खाली जा. सामना चालू आहे."

कप्तान म्हणाला, "सर, आता पानी फिरंल. फिरताना ओढ लागते. तीन पोरांना पोहता येत न्हाय."

"मी तुला विचारलेलं नाही. खाली जा."

"मी न्हाय जानार. आनि त्यांना जाऊ देनार न्हाय."

यात आवाज कोणीही चढवला नाही. मग हेडमास्तर आमच्याकडे वळले आणि म्हणाले, ज्यांना मॅट्रिकला बसायचे आहे त्यांनी मैदानात जावे. चौघे उतरलो. त्यांत मी होतो. आम्हा चौघांनाही पोहता येत होते, म्हणजे धोका आम्हाला नव्हता, आणि हे उतरताना आम्हाला माहीत होते. आम्ही घोट्याइतक्या पाण्यात उभे राहिलो. दुसऱ्या संघातले कोणीच उतरले नाही. पंचांनी घड्याळ पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि लांब शिट्टी वाजवली. पाच वाजून बारा मिनिटे झाली होती.

पंचांचे मत सामना दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या वेळापुरता खेळावा असे होते. अध्यक्षांना मोटारीने पुढे जायचे होते आणि ढाल त्यांच्या हस्ते द्यायची होती. यजमान संघाने मैदान सोडले म्हणून सामना दुसऱ्या संघाला दिला, असे हेडमास्तरांनी जाहीर केले. आपल्याच शाळेचा संघ त्यांनी हरवला. अध्यक्षांनी शिस्तीवर दहा मिनिटे भाषण केले. पाणी तेव्हा मांडवाच्या पुढच्या खांबाशी होते आणि पुढच्या रांगेतल्या मामलेदार कचेरीतल्या दोघांनी पाय वर घेतले होते. दुसऱ्या संघाच्या कप्तानाने ढाल घेतली आणि जाताना ती आमच्या कप्तानापुढे धरली. तो नको म्हणाला. "घेऊन जा. वाटेत भिजवू नका," एवढेच बोलला.

चौकशी शाळेच्या वाचनालयात झाली. समितीचे तीन सभासद, हेडमास्तर आणि लिहून घ्यायला कारकून. मला साक्षीला बोलावले. एक प्रश्न विचारला. कप्तानाने मैदानात जायला नकार दिला, हे खरे की नाही? मी म्हणालो, खरे. मला आणखी सांगायचे होते. सभासदांपैकी एकाने हात वर करून थांबवले आणि म्हणाले, विचारले तेवढ्याचेच उत्तर द्या. मी थांबलो. सतरा वर्षांचा होतो, हे कारण मी पुष्कळ वर्षे सांगत आलो. गोलकीपरला बोलावलेच नाही. पंचांना पत्र पाठवले नाही. ड्रिल मास्तरांची लेखी साक्ष घेतली. तीत त्यांनी लिहिले की भरतीबद्दल कप्तान आपल्याशी "सर्वसाधारणपणे" बोलला होता. ही साक्ष मी पुढे वाचली. वाक्य खोटे नाही. सर्वसाधारणपणे म्हणजे तिथी आणि तास सांगून, आणि एकदा त्यांच्यासमोर बापाकडून.

सामन्याची बातमी मुंबईच्या एका पत्रात आली होती. ती शाळेनेच पाठवली होती. पुढे मी वृत्तपत्रात नोकरीला लागलो, तेव्हा जुन्या फायलींत ती काढून पाहिली. चार ओळी आहेत. दोन्ही शाळांची नावे, अध्यक्षांचे पूर्ण नाव, आणि यजमान संघाच्या कप्तानाने खेळण्यास नकार दिल्याने निकाल पाहुण्यांच्या बाजूने लागला, असे वाक्य. त्यात चुकीचा असा एकही शब्द नाही. समुद्र हा शब्दही नाही. अशा बातम्या मी नंतर तीस वर्षे तपासल्या, आणि किती तशाच जाऊ दिल्या ते सांगता येणार नाही. ती चार ओळींची बातमी ज्याने लावली असेल त्याच्यावर रागावण्याचा मला अधिकार नाही. ज्याने लिहून पाठवली त्याच्यावर आहे, आणि तो राग मी सोडलेला नाही.

कप्तान चौकशीनंतरही शाळेत येत राहिला. भाद्रपदात आला, आश्विनात आला. होडीवर चुलता जात होता. चाचणी परीक्षेत त्याला गणितात वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले आणि इंग्रजीत तो पास झाला. कार्तिकात मॅट्रिकची यादी व्हरांड्यातल्या फळ्यावर लागली. खाली उतरलेल्या चौघांची नावे तीत होती. गोलकीपरचे होते. कप्तानाचे नव्हते. कारण हजेरी.

तो यादीसमोर किती वेळ उभा होता ते मला माहीत नाही. मी पोचलो तेव्हा तो निघाला होता. मी हाक मारली. तो म्हणाला, "तुझं हाय ना नाव? मग झालं." त्यानंतर तो शाळेत आला नाही.

ज्येष्ठात मुंबईच्या प्राध्यापकांचे कार्ड शाळेला आले, असे कारकुनाने मला सांगितले. त्याचे उत्तर काय गेले, किंवा गेले की नाही, याचा कागद मला मिळाला नाही.

पुष्कळ वर्षांनी माझ्या स्वतःच्या दाखल्याची नक्कल घ्यायला मी शाळेत गेलो. नव्या कारकुनाने रजिस्टर समोर टाकले आणि तो जेवायला गेला. मी कप्तानाचे पान काढले. शाळा सोडल्याची तारीख यादी लागल्यानंतर तिसऱ्या दिवसाची आहे. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात हेडमास्तरांच्या अक्षरात लिहिले आहे : पालकांच्या विनंतीवरून.

त्याच संध्याकाळी मी कोळीवाड्यात गेलो. कप्तान होडी घेऊन बाहेर गेला होता, तो तेव्हा तांडेल होता. त्याचा बाप घरी होता, डोळ्यांनी अधू. मी विचारले, मुलाला शाळेतून काढा असे तुम्ही सांगितले होते का? तो म्हणाला, "त्या दिसांत मी दर्यात होतो. पाच दिसांनी आलो, तवा पोरगा जाळं धुत बसला होता. शाळंत मी कवा गेलोच न्हाय, बाबा."

रजिस्टरात त्या नोंदीपुढे पालकाच्या सहीसाठी जागा आहे. तिथे सही नाही, अंगठाही नाही. त्याखाली साक्षीदाराची सही आहे. ती ड्रिल मास्तरांची आहे.